दहा वर्षांच्या मुलाला क्लस्टर डोकेदुखी होऊ शकते का?

होऊ शकते, पण क्वचित. क्लस्टर म्हणजे डोक्याच्या एकाच बाजूला, डोळ्याभोवती, काही दिवस-आठवडे ओळीने येणाऱ्या तीव्र कळा. मुलांमध्ये मायग्रेन कितीतरी जास्त आढळतो, त्यामुळे आधी तोच आठवतो. तुम्ही लिहिलंय की रोज रात्री साधारण त्याच वेळी उजव्या डोळ्यामागे कळ येते, डोळा लाल होऊन पाणी येतं, त्याच बाजूची नाकपुडी चोंदते आणि ‘सायनस’ म्हणून अँटिबायोटिक्स झाली. मला यात सर्वात बोलकं वाटतं ते त्याचं येरझारा घालणं, उशीवर डोकं आपटणं. मायग्रेनचं मूल अंधारात गपचूप पडून राहतं. क्लस्टरमध्ये बसवतच नाही. कळ १५ मिनिटं ते ३ तास टिकते.

यासाठी रक्ततपासणी नसते, निदान वर्णनावरूनच होतं. म्हणून पुढच्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ काढा. पापणी खाली येते का तेही त्यात दिसेल. वेळा वहीत टिपा. मेंदूचा एमआरआय मात्र हवाच, कारण पिट्युटरीजवळची (मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीजवळची) गाठही अशी सोंगं घेते.

कळ चालू असताना घट्ट मास्कने मिनिटाला १२ ते १५ लिटर शुद्ध ऑक्सिजन, १५-२० मिनिटं. पॅरासिटामॉलचा असर होईपर्यंत कळ बहुधा ओसरलेली असते. कळा टाळायला व्हेरापामिल देतात; ते मुळात हृदयाचं-रक्तदाबाचं औषध, म्हणून ईसीजी काढूनच. हल्ले छोटे आणि दिवसातून बरेच असतील तर इंडोमेथासिन हे वेदनाशामक देऊन पाहतात; त्याने पूर्ण थांबले तर आजार वेगळा. डोस बालमेंदूरोगतज्ज्ञच ठरवतील.

ताप, उलट्या, झटका (फिट) किंवा तोल जाणं दिसलं तर लगेच इस्पितळ गाठा.