प्रत्यक्ष सोनं-चांदी घ्यावी का? आधी परत घेण्याचा भाव विचारा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुंबईत नोकरी करता, महिन्याला दहा-बारा हजार बाजूला पडतात, त्यातून हातात धरता येईल असं खरंखुरं सोनं आणि जमलं तर चांदी घ्यायची आहे. आई म्हणते दागिना कर, मित्र म्हणतो बिस्कीट घे, बँकेतला माणूस म्हणतो आमचं नाणं न्या. ऐकायचं कोणाचं?

मी गिरगावात एका सराफाकडे बरीच वर्षं हिशेबाचं काम केलं, काउंटरच्या आतल्या बाजूला बसून. तिथून जे दिसलं त्यावरून सांगतो. सोनं जरूर घ्या, पण दुकानात शिरल्यावर "आज भाव काय?" हे नंतर विचारा. आधी विचारा, "हेच उद्या परत आणलं तर किती द्याल?" तीन दुकानांत तीन उत्तरं मिळतील. एखाद्या ठिकाणी उत्तरच मिळणार नाही, नुसता चहा मिळेल.

हिशेब सोपा जावा म्हणून चोख सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाख धरू. दहा ग्रॅमचं २४ कॅरेटचं नाणं घेतलंत, त्यावर दुकानाने ३ टक्के घडणावळ लावली, म्हणजे १,०३,००० झाले. त्यावर ३ टक्के जीएसटी, एकूण १,०६,०९०. दुसऱ्या दिवशी त्याच भावाला विकायला गेलात आणि दुकानदाराने २ टक्के कापले तर हातात ९८,०००. जीएसटी परत मिळत नाही, घडणावळ परत मिळत नाही. म्हणजे भाव आठ टक्क्यांहून जास्त चढला की मग कुठे तुमची मुद्दल सुटते.

आता आईचा दागिना. दहा ग्रॅमची २२ कॅरेटची बांगडी, सोन्याचे ९१,६००. मजुरी १२ टक्के धरली, नक्षी असेल तर याहून बरीच जास्त असते, की झाले १,०२,५९२, आणि जीएसटी धरून सुमारे १,०५,६७०. परत देताना ३ टक्के घट धरली तर हातात ८८,८५२. इथे भाव जवळपास १९ टक्के वाढावा लागतो. एकाच पेढीवर, एकाच दिवशी, तेवढ्याच पैशांत हा फरक पडतो.

तरी आईला मोडीत काढू नका. तिच्या पिढीला दागिना हीच गुंतवणूक का वाटते, त्यामागे कायदा आहे. १९६३ साली सुवर्ण नियंत्रण आलं आणि नवे दागिने चौदा कॅरेटच्या वर घडवायला बंदी झाली. असंख्य सोनारांचं काम गेलं. ती अट पुढे उठली, पण १९६८ च्या कायद्याने सामान्य माणसाने बिस्किटं नि नाणी बाळगायलाच मनाई केली. घरात सोनं ठेवायचं तर अंगावरच. तो कायदा १९९० साली गेला, मधु दंडवते अर्थमंत्री असताना. तोवर दोन पिढ्यांना पाटल्या नि मोहनमाळ हेच बँकेचं पासबुक वाटायला लागलं होतं.

शिवाय एका बाबतीत आई आजही बरोबर आहे. अडीअडचणीला सोनं तारण ठेवायचं म्हटलं तर बँका आणि फायनान्स कंपन्या दागिन्यांवर कर्ज देतात, बिस्किटावर देत नाहीत. रिझर्व्ह बँकेचा तसा नियमच आहे. नाण्यांवर मिळतं, पण एकूण ५० ग्रॅमपर्यंतच. मित्राला हे विचारून बघा, बहुधा माहीत नसेल.

दागिना मोडताना काय होतं ते मात्र एकदा बघण्यासारखं आहे. लालबागच्या एक काकू सुनेला घेऊन आल्या होत्या, चार तोळ्यांच्या दोन पाटल्या घेऊन. लग्नातल्या, हॉलमार्कच्या कितीतरी आधीच्या, पावतीवर "२२ कॅरेट" असं शाईने लिहिलेलं. मशीनवर ठेवल्या तर वरून आकडा ठीक आला, कारण मशीन पृष्ठभाग वाचतं. मालक म्हणाले, गाळून बघू, तुमच्या समोर. झवेरी बाजारात गलाईची दुकानं आहेत, त्यातली बरीच सांगलीकडच्या, विटा-खानापूर-आटपाडीच्या आपल्या माणसांची. देशभर सोनं गाळायचं काम ही मंडळी करतात. काकूंना टॅक्सीने तिथेच नेलं. मुशीत पाटल्या वितळल्या, सवागी टाकली, वर काळपट मळी आली, आणि लगड थंड करून काट्यावर ठेवली तेव्हा वजन उतरलं होतं. कोपरा कापून तपासला तर टच, म्हणजे शंभरात चोख सोनं किती ते, चौऱ्याऐंशी. २२ कॅरेटला साडेएक्याण्णवच्या वर हवा. बाकीचा सगळा डाग, म्हणजे जोड सांधायला लावलेला हलका धातू, आणि तांबं, जे काकूंनी त्या काळी सोन्याच्या भावाने घेतलं होतं. सून कॅल्क्युलेटर घेऊन उभी होती, काकू नुसत्या लगडीकडे बघत होत्या. पाटल्या विकणारा सराफ कुठला, तर ज्याचं दुकान आता नाहीच.

हे सांगितलं ते घाबरवायला नाही. आज अशी फसवणूक बरीच अवघड झाली आहे. जून २०२१ पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या नगाचा ओळख क्रमांक, नसलेला दागिना विकताच येत नाही. दागिन्यावर तीन खुणा बघा: बीआयएसचा (भारतीय मानक ब्यूरोचा) त्रिकोणी शिक्का, २२के९१६ अशी शुद्धता, आणि तो सहा अक्षरी क्रमांक. क्रमांक इतका बारीक असतो की भिंगाशिवाय दिसत नाही, भिंग मागा, लाजू नका. मग बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये तो टाका. शुद्धता तर बघाच, पण दागिन्याचा प्रकारही जुळतो का बघा. हातात बांगडी आणि अ‍ॅपवर अंगठी दिसत असेल तर उठून चालू लागा. हॉलमार्कचं शुल्क नगामागे ४५ रुपये अधिक कर इतकंच आहे, तेव्हा "हॉलमार्कमुळे महाग" हे कारण ऐकून घेऊ नका.

गोम इथे आहे: ही सक्ती दागिन्यांना आहे. बिस्किटं, नाणी, पत्रे यांना नाही, आणि दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तूंनाही नाही. म्हणजे गुंतवणूक म्हणून तुम्ही जे घेणार त्यालाच कायद्याचं संरक्षण कमी. म्हणून नाणं घ्याल तर नावाजलेल्या रिफायनरीचं, सीलबंद पाकिटातलं, ९९९ किंवा ९९५ (हजारात इतके भाग चोख) आणि अनुक्रमांक छापलेलं घ्या. ते पाकीट उघडू नका. पाहुण्यांना दाखवायचं असेल तर पाकिटासकट दाखवा. फुटलेल्या पाकिटातलं नाणं पुन्हा तपासणीला जातं, आणि तपासणी आली की घासाघीस आली.

बँकेचं नाणं शुद्ध असतं, प्रश्नच नाही. पण बँक ते विकते, परत घेत नाही. शेवटी तुम्ही ते घेऊन सराफाकडेच येणार, आणि सराफ त्याला त्या दिवशीच्या सोन्याचाच भाव देणार, बँकेच्या नावाचा नाही.

आपल्याकडे याला जुना तोडगा आहे, वेढणी. सोन्याच्या तारेचं साधं वळं, नक्षी नाही, खडा नाही, डाग नाही. गुढीपाडव्याला नाहीतर गुरुपुष्यामृताला एकेक ग्रॅमचं घ्यायचं आणि दहा-वीस जमली की मुलीच्या लग्नात देऊन टाकायचं. मजुरी अगदी थोडी. गिरगाव-दादरच्या मराठी सराफांकडे अजून मिळतात. पण त्याच पेढीवर परत देणार असाल तरच घ्या, कारण दुसरीकडे पुन्हा टच काढतात.

भाव बघायला इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचे दर बघा, सकाळ-संध्याकाळ जाहीर होतात, त्यात जीएसटी धरलेला नसतो. दुकानातला फलक आणि हा दर यांत किती अंतर आहे ते दोन-चार आठवडे नुसतं बघत राहा. आपलं जवळजवळ सगळं सोनं बाहेरून येतं, त्यामुळे इथला भाव म्हणजे परदेशातला डॉलरचा भाव, रुपयाची किंमत आणि आयात शुल्क. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात शुल्क १५ वरून ६ टक्क्यांवर आलं आणि एका दिवसात दहा ग्रॅममागे भाव काही हजारांनी कोसळला. आदल्या आठवड्यात घेतलेले लोक दुकानात येऊन आमच्यावरच चिडत होते.

चांदी. हिच्याबद्दल माझं मत थोडं कडू आहे. सोनं पडलं तरी सावरतं या हिशेबाने लोक चांदी घेतात, पण चांदीची जात वेगळी आहे. निम्म्याहून जास्त मागणी कारखान्यांची, सोलर पॅनेल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची. एप्रिल २०११ मध्ये किलोला ७० हजारांच्या वर गेलेली चांदी २०१५ संपेपर्यंत ३५ हजारांच्या आसपास आली होती. तेव्हा भावाच्या शिखरावर घेतलेले लोक किती वर्षं अडकले ते मी वहीत पाहिलंय. उलट २०२५ च्या दिवाळीआधी बाजारात चांदी मिळेना, इथला भाव जगाच्या भावापेक्षा वर गेला आणि काही म्युच्युअल फंडांनी चांदीच्या योजनांत एकरकमी पैसे घेणं थांबवलं. अशी झुंबड असते तेव्हा घेऊ नये, एवढंच.

दुसरी अडचण जागेची. सोन्या-चांदीच्या भावाचं गुणोत्तर ८० धरलं तर तेवढ्याच रकमेची चांदी सोन्याच्या जवळपास दीडशेपट जागा खाते, कारण ती स्वस्तही आहे आणि हलकीही. मुंबईतल्या वन बीएचकेत आणि बँकेच्या छोट्या लॉकरमध्ये हे गणित बसवून बघा. घ्यायचीच तर ९९९ ची वीट किंवा नाणी घ्या. पैंजण, जोडवी, निरांजन, समया या वापरायच्या वस्तू. पैंजणांत टच बऱ्याचदा इतका कमी असतो की परत देताना तोंड उतरतं. चांदीवर एचयूआयडीचा हॉलमार्क १ सप्टेंबर २०२५ पासून सुरू झालाय, पण तो ऐच्छिक आहे, म्हणून मागून घ्यावा लागतो. काळी पडली म्हणून भाव कमी होत नाही, घासत बसू नका.

"अकरा महिने भरा, बारावा हप्ता आमचा" या सराफांच्या योजनांबद्दलही विचाराल म्हणून सांगतो. हे पैसे तुम्ही दुकानाला उसने दिलेले असतात, बँक ठेवीसारखा विमा त्यावर नसतो. २०१९ च्या दिवाळीच्या तोंडावर डोंबिवली-ठाण्यात एका साखळीच्या दुकानांना कुलूप लागलं तेव्हा शटरसमोर हप्त्याची कार्डं घेऊन उभ्या असलेल्या बायका टीव्हीवर सगळ्यांनी पाहिल्या. आणि फोनवरच्या अ‍ॅपमध्ये मिळतं ते डिजिटल गोल्ड सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमनाखाली येत नाही, असा इशारा सेबीनेच नोव्हेंबर २०२५ मध्ये दिलेला आहे.

कराचं थोडक्यात: दोन वर्षांच्या वर ठेवून विकलंत तर नफ्यावर साडेबारा टक्के, त्याआधी विकलंत तर तुमच्या स्लॅबप्रमाणे. दोन लाखांच्या वरच्या खरेदीला पॅन लागतो, आणि दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख दुकानदाराने घ्यायचीच नाही. "लग्न झालेल्या बाईला ५०० ग्रॅमच ठेवता येतं" हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं ते चुकीचं आहे. १९९४ च्या सूचनेनुसार छाप्याच्या वेळी तेवढे दागिने जप्त करायचे नाहीत, इतकाच त्याचा अर्थ. विवाहितेला ५००, अविवाहितेला २५०, पुरुषाला १०० ग्रॅम. हिशेब असेल तर कितीही ठेवा. यात शब्द दागिन्यांचा आहे, बिस्किटांचा नाही.

तुमच्या जागी मी काय केलं असतं? दरमहा अर्ध्या ग्रॅमची नाणी घेत बसलो नसतो. छोट्या नाण्यावर घडणावळ टक्क्याने जास्त बसते. महिन्याचे पैसे गोल्ड ईटीएफमध्ये (शेअर बाजारात घेता-विकता येणारा सोन्याचा फंड), नाहीतर सरळ आवर्ती ठेवीत टाकले असते, आणि वर्षाकाठी आठ-दहा ग्रॅमचं एक सीलबंद नाणं घेतलं असतं, परत घेण्याचा भाव ज्याने पक्क्या पावतीवर लिहून दिला त्याच्याकडून. आजवर जमलेल्या एकूण बचतीच्या दहा-पंधरा टक्क्यांपुढे गेलो नसतो. चांदी त्यातलीच थोडी, नाहीतर नाहीच. आईला हवा असेल तर दागिना वेगळा करा, खर्च समजून.

लॉकर घेतलात तर नामांकन भरा. आग, चोरी किंवा कर्मचाऱ्याच्या फसवणुकीत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते, आणि पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत तीही नाही. तेव्हा पाणी भरणाऱ्या भागातली, तळमजल्यावरची शाखा टाळा. पावत्या लॉकरमध्ये ठेवू नका, घरी ठेवा, आणि घेतल्या त्या दिवशीच फोटो काढून स्वतःला मेल करा. बऱ्याच दुकानांची पावती थर्मल कागदावर असते, दोन-तीन वर्षांत त्यावरचं काहीही वाचता येत नाही.