तिसऱ्यांदा नीटला बसवण्याआधी तिचे ते कागद बघा

(सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. ते स्वतः डीएमएलटी, म्हणजे लॅब तंत्रज्ञाची पदविका घेतलेले, असून बावीस वर्षं लॅब चालवतात. मुलीने दोनदा नीट दिली, गुण 391 आणि 428. आता तिसऱ्यांदा बसवायचं ठरलंय. मुलीला मात्र मायक्रोफ्लुइडिक्समध्ये, म्हणजे केसासारख्या बारीक वाटांतून द्रव खेळवण्याच्या शास्त्रात जायचं आहे. अशा वाटा असलेल्या छोट्या पट्टीला चिप म्हणतात. वडील लिहितात, “लॅब चिपवर आली की आमच्यासारख्यांच्या लॅब बंद पडणार, तेव्हा डॉक्टरच झालेलं बरं. तिला समजावणारं उत्तर लिहा.”)

सप्रेम नमस्कार,

तिला समजावणारं उत्तर मी लिहिणार नाही. मला तुमच्याशीच बोलायचं आहे.

चार पानी पत्रात गुणांचा तपशील आहे, क्लासच्या फीचा आहे, आणि रिपोर्टवर सहीसाठी बाहेरच्या पॅथॉलॉजिस्टची किती मनधरणी करावी लागते हे तर दोनदा आलंय. ती अडचण खरी आहे, मला ठाऊक आहे. पण तिच्यावर उपाय म्हणून तुम्ही घरातच एमडी पॅथॉलॉजिस्ट तयार करायला निघाला आहात. एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमडीची तीन, शिवाय मधल्या परीक्षा. तुमच्या लॅबला सही मिळावी म्हणून एकोणीस वर्षांच्या मुलीने आपली दहा वर्षं द्यायची, हे मला मान्य नाही.

आणि तिसऱ्या पानावर एक वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. “दोन महिने झाले, आमच्याबरोबर जेवायला बसत नाही, हट्टीपणा वाढलाय.” मी तिथेच थांबलो. पहिल्या निकालानंतर तिने स्वतःहून पुन्हा अभ्यासाला बसायची तयारी दाखवली होती, असं तुम्हीच आधी लिहिलंय. असं मूल ताटावरून उठायला लागतं ते हट्टाने नव्हे. या आठवड्यात नीट, क्लास, गुण यांतलं काहीही न काढता तिच्याशी बोला. बोलणं जमत नसेल, ती फारच मिटून गेली असेल, तर टेली-मानस या मानसिक आधाराच्या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं. हे आधी. करिअर त्यानंतर.

आता त्या कागदांबद्दल. तुमची तक्रार अशी, की ती लॅबमधले फिल्टर पेपर फुकट घालवते, त्यावर मेणखडूने रेघा मारून इस्त्री फिरवते आणि हळदीचे ठिपके देत बसते. अहो, ती काय करते आहे माहीत आहे का? इस्त्रीने मेण कागदात झिरपतं आणि आरपार भिंत तयार होते. दोन भिंतींमधल्या वाटेने पाण्याचा थेंब आपोआप चढतो, पंप लागत नाही, वीज लागत नाही. टोकाला हळद असेल आणि थेंब सोड्याच्या पाण्याचा असेल, तर ठिपका लाल होतो. 2007 साली हार्वर्डमध्ये जॉर्ज व्हाइटसाइड्स यांच्या गटाने अशाच वाटा पाडलेल्या कागदावर लघवीतली साखर आणि प्रथिनं तपासून दाखवली होती. त्यांनी वाटा पाडायला मेण वापरलं नव्हतं, मेणाची पद्धत नंतर आली. पण कल्पना तीच. तुमच्या काउंटरवरची डेंग्यूची आणि प्रेग्नन्सी टेस्टची कार्डंही कागदात द्रव असाच चढतो म्हणून चालतात. म्हणजे तुमची मुलगी तुमच्याच धंद्याच्या मुळाशी गेली आहे. तुम्ही तिला कागदाचा हिशोब विचारलात.

“चिप आली की लॅब बंद” हा समज मात्र नीट खोडायला हवा, कारण तुमचा सगळा निर्णय त्यावर उभा आहे. थेंबभर रक्तात सगळ्या तपासण्या, असं स्वप्न अमेरिकेत थेरानोस या कंपनीने विकलं. तिच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स यांना 2022 मध्ये गुंतवणूकदारांची फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं. पण लबाडी बाजूला ठेवली तरी एक साधा हिशोब उरतो. एक मिलिलिटर रक्तात एखाद्या विषाणूचे शंभर कण असतील, तर दहा मायक्रोलिटरच्या, म्हणजे मिलिलिटरच्या शंभराव्या भागाएवढ्या थेंबात सरासरी एकच येणार, आणि कितीतरी थेंबांत एकही नाही. चिप कितीही हुशार असली तरी थेंबात जे नाही ते तिला सापडणार नाही. शिवाय बोट दाबून काढलेल्या रक्तात पेशींबाहेरचा द्रव मिसळतो, हे तुम्ही मला शिकवाल. म्हणून चिप लॅबची जागा घेत नाही, ती लॅबमधली एखादी तपासणी उचलून रोग्याजवळ नेते. आपल्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं ट्रूनॅट बघा. टीबीचा डीएनए शोधणारं पीसीआर एका छोट्या चिपवर आणि बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात बसवलं, जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये त्याला मान्यता दिली, आणि ते प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोचलं. तिथेही बेडक्याचा नमुना तयार करायला, चिप लावायला तंत्रज्ञ लागतोच.

संशोधन तर याच्या बरंच पुढे गेलंय. 2010 मध्ये हार्वर्डच्या ‘वीस’ (Wyss) या संशोधन संस्थेत डोनाल्ड इंगबर आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या पेशी लावलेल्या चिपमध्ये श्वासासारखी हालचाल करणारं फुप्फुस दाखवलं. 2022 च्या अखेरीस अमेरिकेने कायदा बदलला आणि नव्या औषधासाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्ती काढून अशा पर्यायांना वाट करून दिली. हजारो पेशी एकेका सूक्ष्म थेंबात बंद करून प्रत्येकीत कोणती जनुकं चालू आहेत ते वेगळं वाचणं 2015 पासून शक्य झालंय.

वाटेबद्दल थोडक्यात. बारावीला गणित होतं हे तुम्ही शेवटी ओझरतं लिहिलंय, त्यामुळे सीईटी किंवा जेईईतून केमिकल वा मेकॅनिकल, आयसर या केंद्राच्या विज्ञान संस्थांची परीक्षा, किंवा साधं बीएस्सी करून पुढे एमएस्सीसाठीची जॅम ही प्रवेश परीक्षा, सगळं खुलं आहे. फक्त किती वर्षांपर्यंत बसता येतं ते आधी तपासा. पदवीला मायक्रोफ्लुइडिक्सच्या नावाची शाखा शोधू नका. ‘नॅनो’, ‘बायोचिप’ अशी भारी नावं लावून लाखांची फी मागणारे कोर्स तर अजिबात नकोत. द्रव कसा वाहतो, पृष्ठभागाला कसा चिकटतो, हे भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र पक्कं असलं की आयआयटी मुंबई, बंगळूरची आयआयएस्सी, आयआयटी खरगपूर इथल्या प्रयोगशाळांची दारं पुढे उघडतात.

खोटी आशा लावत नाही. हे क्षेत्र बहुतेकांकडून पीएचडी मागतं. ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिना 37 हजार, तीही बहुतेकदा पदव्युत्तर शिक्षणानंतर. आपल्याकडे कंपन्या मोजक्या आहेत आणि पैसा उशिरा येतो. तिला हे स्पष्ट सांगा. ऐकूनही तिला जायचं असेल, तर तुमचा नकार कशासाठी, ते स्वतःला विचारा. आणि सगळं ऐकून तिला पुन्हा नीटच द्यावीशी वाटली, तर तेही तिनेच ठरवू दे.

पुढचं पत्र मला तिच्याकडून हवं आहे, तुम्ही न वाचता पाठवलेलं. चार ओळी पुरतील. सोबत त्या हळदीच्या कागदाचा फोटो जोडायला सांगा, आणि थेंब वाटेच्या टोकाला पोचायला किती सेकंद लागतात तेही मोजून कळवायला सांगा. फिल्टर पेपरचा नवा डबा तुम्ही आणून द्या.