हात तिथेच, नजर पुढे

"जुना छंद पुन्हा हाती घेतला मॅडम, पण आता जमत नाही. पूर्वी छान जमायचं." ही तक्रार मी समुपदेशनाच्या कामात इतक्या जणांकडून ऐकली आहे की वाक्य सुरू झालं की शेवट मला ठाऊक असतो. कुणी पेटी पुन्हा उघडलेली असते, कुणी चित्रांची वही, कुणी विणकामाच्या सुया. मुलं हाताशी आलेली असतात, नोकरीतली धावपळ ओसरलेली असते, आणि ज्या गोष्टीत एकेकाळी जीव रमायचा तीच आता छळायला लागते. "वय झालं, दुसरं काय!" हा निष्कर्षही बहुतेकांनी स्वतःच काढून आणलेला असतो. तो मी सहसा मान्य करत नाही. का, ते एका विमानवेड्या गृहस्थांच्या निमित्ताने सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि बऱ्याच भेटींमधलं मोजकंच इथे घेतलं आहे.

हे गृहस्थ पन्नाशी ओलांडलेले, उभी नोकरी हिशेब तपासण्यात गेलेली. आले होते झोप लागत नाही, चिडचिड होते म्हणून. विमानांचा विषय निघाला तो नंतर, तोही जरा लाजत. शाळेत असताना ते प्लॅस्टिकच्या किटमधून विमानांची मॉडेल्स बनवायचे. मग तीस वर्षांहून मोठा खंड. पुन्हा सुरुवात केली ती मात्र थाटात: 1/32 प्रमाणातलं लढाऊ विमान, शेकडो सुटे भाग, कॉकपिटसाठी पितळी पत्र्याचे वेगळे बारीक तुकडे, शिवाय रंग फवारायला एअरब्रश आणि कॉम्प्रेसर. काही महिने उलटले तरी विमान कॉकपिटच्या पुढे सरकलेलं नव्हतं. दरम्यान आणखी किट घेतली गेली. कपाट भरलं, टेबल रिकामंच राहिलं.

"नेमकं अडलंय कुठे?"

"वैमानिकाच्या सीटबेल्टवर. तीनदा चिकटवला, तीनदा काढला."

"विमान पूर्ण झालं की तो किती दिसतो?"

"फारसा नाही. दोन्ही बाजू जोडून वर काच बसली की जवळजवळ झाकलाच जातो."

"मग?"

"मला माहीत असणार ना, की तो वाकडा आहे."

मॉडेल बनवणाऱ्यांना हा सापळा ओळखीचा आहे, असं मला नंतर कळलं. सूचनापत्रिका बहुतेकदा कॉकपिटपासूनच सुरू होते. म्हणजे सगळ्यात किचकट काम सगळ्यात आधी, हात अजून सरावलेला नसताना, आणि तेही पुढे झाकल्या जाणाऱ्या जागी. ज्याचा दिवस दुसऱ्यांच्या आकड्यांतल्या चुका शोधण्यात जातो, त्याने रात्री अकरानंतर थकल्या डोळ्यांनी हे काम काढायचं, मग झोप कुठून येणार?

"लहानपणी एका विमानाला किती वेळ लागायचा?"

त्यांचा चेहरा उजळला. "एक रविवार! आणि काय सुंदर व्हायचं म्हणून सांगू!"

"त्यातलं एखादं शिल्लक आहे?"

हा प्रश्न मी मुद्दाम उशिरा विचारते. आधी विचारला तर लोक 'नाही' म्हणून मोकळे होतात. आठवणीचं पुरेसं कौतुक करून झालं की मग ते माळ्यावर चढतात.

पुढच्या भेटीला त्यांनी एक स्पिटफायर आणलं, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लढाऊ विमानाचं मॉडेल, 1/72 प्रमाणातलं. एक इंच म्हणजे सहा फूट, तेव्हा या विमानातला माणूस साधारण इंचभर उंचीचा, असं त्यांनी मला उत्साहाने समजावलं. खऱ्या विमानाच्या पंखांचा विस्तार 11.23 मीटर, इथे तो साडेपंधरा सेंटिमीटरच्या आसपास. वीतभरही नाही. मग ते विमान दिव्याखाली धरून बघू लागले आणि हळूहळू त्यांच्यातला हिशेबतपासनीस जागा झाला.

उजव्या पंखावर अंगठ्याचा ठसा होता. या कामाचा गोंद प्लॅस्टिकचा पृष्ठभाग विरघळवतो आणि दोन भाग एकजीव करतो. तो बोटाला लागला आणि ते बोट पंखावर टेकलं, की ठसा कायमचा. पंखावरच्या गोल चिन्हाच्या कडेला चंदेरी झाक होती. चकाकी नसलेल्या खरखरीत रंगावर डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायचं छापील चिन्ह, लावलं की खाली हवा अडकते, म्हणून आधी तकतकीत थर द्यायला हवा होता. पोटाखाली जोडाची रेघ उघडी, तिथे पुट्टी भरून पॉलिश पेपर मारलाच नव्हता. ब्रशचे फराटे होते, एक चाकही तिरकं होतं. प्रत्येक दोषामागचं कारण आणि त्यावरचा उपाय ते सांगत होते. मी मध्ये बोलले नाही. अशा वेळी गप्प बसणं हे माझ्या कामातलं सगळ्यात अवघड कौशल्य आहे, आणि ते मी कमावलं आहे असं मला वाटतं.

शेवटी विचारलं, "हे सगळं तेव्हा दिसत होतं?"

"छे! असे दोष असतात हेच ठाऊक नव्हतं. रात्री उशाशी घेऊन झोपलो होतो मी हे."

"मग या वर्षांत हात बिघडला, की नजर सुधारली?"

ते बराच वेळ विमान फिरवत राहिले. म्हणाले, "हात तिथेच आहे, बाराव्या वर्षी होता तिथे. नजर पुढे निघून गेली."

मला याहून नेमकं सांगता आलं नसतं. छंद सुटतो तेव्हा हात थांबतो. नजर थांबत नाही. ती संग्रहालयं पाहते, फोटो पाहते, पडद्यावर इतरांची कसलेली कामं पाहते, नोकरीत अचूकपणा शिकते. आणि आठवण लहानपणीच्या विमानावरचे ठसे घासून टाकते. परतणारा माणूस मग स्वतःची तुलना अशा एका मुलाशी करतो, जो कधी नव्हताच. हे अंतर बोचतं, पण ते ऱ्हासाचं नव्हे, वाढीचं अंतर आहे. ते मिटवायला नजर मिटण्याची गरज नाही. हाताला पोचायला वेळ द्यावा लागतो.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मांडणीवर माझा भर असतो, हे मला ओळखणारे जाणतात. माणसाला टिकून राहणारा आनंद मिळतो तो स्वतः निवडल्याची भावना, जमत चालल्याची जाणीव आणि आपलेपणा या तिन्हींतून. या गृहस्थांकडे निवड होती, पण 'जमतंय' हे वाटण्याची सोयच त्यांनी ठेवली नव्हती. पहिली पायरीच छातीएवढी उंच.

म्हणून आम्ही पायऱ्या लहान केल्या. मोठं किट खोक्यात परत गेलं. त्याऐवजी 1/72 मधलं एका इंजिनाचं, कमी भागांचं विमान घेतलं. काच बंद ठेवायची आणि वैमानिक आत बसवायचा, की सीटबेल्टचा प्रश्नच मिटतो! (ही युक्ती त्यांचीच.) एअरब्रश थांबेल, ब्रश आणि पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग पुरेत. एका विमानात एकच नवी गोष्ट नीट शिकायची: पहिल्यात जोडाची रेघ, दुसऱ्यात डेकल, तिसऱ्यात हवं तर एअरब्रश, तोही खिडकी उघडी ठेवून आणि मास्क लावून. बाकीचे दोष दिसले तरी राहू द्यायचे. एखादं बिघडलेलं किट रंग तपासून बघायला बाजूला ठेवायचं; त्यावर चुकायला पूर्ण मुभा. काम रात्री नव्हे, सुट्टीच्या सकाळी.

आणि डोळे तपासून घ्या, हे मी सगळ्यांनाच सांगते. चाळिशीनंतर जवळचं अंधूक दिसणं स्वाभाविक आहे. 'हात चालत नाही' म्हणणाऱ्या कित्येकांना खरी गरज भिंगाची आणि चांगल्या दिव्याची असते.

किटच्या साठ्यावरून घरात कुरबुर होतीच. साठवण्यात मला गैर वाटत नाही, तोही एक छंदच. मात्र खोक्यातल्या विमानात चूक होऊ शकत नाही, म्हणून ते विकत घेणं बनवण्यापेक्षा सोपं असतं, एवढं ओळखून असावं. खरेदी लपवावी लागत असेल, झोप आणि माणसं मागे पडत असतील, तर बोलायला हवं. नाहीतर 'या वयात खेळणी?' या प्रश्नाला उत्तर देत बसू नये. एक वेगळी शक्यताही मी तपासतेच: फक्त छंदातच नव्हे, कशातच मन लागत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त काळ उदास वाटत असेल, भूक-झोप बिघडली असेल, तर तो विषय विमानांचा नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

पहिलं विमान महिन्याभरात झालं. झोपही सुधारली, अर्थात रात्रीचं काम थांबल्याचा त्यात मोठा वाटा. विमान पाहून त्यांच्या भाच्याने सुचवलं, "मामा, ही विकत का नाही?" ते मला विचारायला आले. मी त्यांना डेसीचा 1971 मधला प्रयोग सांगितला. विद्यार्थ्यांना ठोकळ्यांची कोडी सोडवायला दिली; एका गटाला मध्येच त्याचे पैसे मिळाले, मग बंद झाले. मोकळ्या वेळात आपणहून कोडी हाती घेण्याची त्या गटाची ओढ कमी झालेली दिसली.

"म्हणजे नाहीच म्हणू?"

"तिसरं पूर्ण होऊ द्या. मग विचारा."

सध्या दुसरं चालू आहे.