उद्यमनगरात मोडलेल्या हाडाला बसवायच्या धातूच्या प्लेटा करायच्या तर...

भावा, हात चांगला आहे तुझा, पण मशीन घ्यायच्या आधी वर्ग बघ. 2017 च्या वैद्यकीय उपकरण नियमांत धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे चार वर्ग आहेत. ए-बीचा उत्पादन परवाना राज्याचं एफडीए (अन्न व औषध प्रशासन) देतं, सी-डीचा केंद्राकडून येतो. हाडात राहणारी प्लेट सी वर्गात. तिथं परवान्याशिवाय सुटका नाही.

म्हणून सुरुवात सलाइनच्या स्टँडपासून कर. निर्जंतुक नसलेलं, मोजमाप न करणारं ए वर्गाचं सामान केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर नोंदवलं की भागतं.

आणि मालाचा हीट नंबर, म्हणजे धातू कुठल्या ओतीतला त्याचा क्रमांक, पहिल्यापासून लिही. कुठला नग कुठल्या पट्टीतून निघाला, हे तपासायला येणारा विचारणारच. फौंड्रीवाल्यांना ही सवय असते, लेथवाले कंटाळा करतात. स्वतः न बनवता नुसतं विकायचं असेल तर एमडी-42 या फॉर्मातली विक्रीची नोंदणी वेगळी.