नवा बॉयलर बसवताना जुनी हीटिंग सिस्टीम धुवून घ्यायलाच हवी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाइप आणि रेडिएटर (बॉयलरचं गरम पाणी आत फिरून खोली तापवणारे पत्रे) जुनेच ठेवून फक्त बॉयलर बदलायचा आहे, आणि फिटर म्हणतो की पॉवर फ्लश (मशीनने वेगात पाणी फिरवून आतली सफाई) केल्याशिवाय मी नवा बॉयलर जोडणार नाही. ही खरी गरज आहे की बिल वाढवायची युक्ती?

सफाई गरजेचीच आहे. ती मशीन लावूनच झाली पाहिजे असं मात्र नाही, आणि काही घरांत मशीन लावूनही फार काही हाती लागत नाही. म्हणून होकार देण्याआधी तुमच्या पाण्याची अवस्था बघा.

बॉयलर बंद करून सिस्टीम पूर्ण गार होऊ द्या. सगळ्यात खालच्या ड्रेन कॉकमधून (पाणी सोडायच्या तोटीतून) काचेच्या बरणीत थोडं पाणी काढा, खाली जुनं फडकं जरूर अंथरा, कारण हे डाग जात नाहीत. बरणी थोडा वेळ स्थिर ठेवली की तळाशी काळा थर बसतो. बाहेरून काचेला लोहचुंबक लावून हळूहळू वर न्या. तो थर चुंबकामागोमाग काच चढायला लागला, तर तो मॅग्नेटाइट आहे. म्हणजे तुमच्याच रेडिएटरचं पोलाद, आतून झिजून पाण्यात आलेलं. पाण्याच्या पाचपट जड असल्यामुळे तो रेडिएटरच्या तळाशी साचतो. रेडिएटर वर गरम आणि खाली मधोमध गार लागत असेल तर तिथे गाळच आहे. उलट, खाली गरम आणि वर गार असेल तर आत वायू अडकलाय. तो दर वेळी हवाच असते असं नाही. लोखंड गंजताना हायड्रोजनही तयार होतो, त्यामुळे ब्लीड करताना, म्हणजे अडकलेला वायू बाहेर सोडताना, जवळ काडी किंवा लायटर नको.

पाणी काळ्याऐवजी लालसर तपकिरी निघालं तर मला जास्त काळजी वाटेल. काळा गाळ कमी प्राणवायूत बनतो. लाल गंज दिसतो तेव्हा सिस्टीममध्ये कुठून तरी सतत ताजी हवा शिरत असते. ती वाट सापडली नाही तर आजची धुलाई काही हिवाळ्यांपुरतीच. वर उघडी टाकी असलेली जुनी पद्धत असेल, तर व्हेंट पाइपमधून टाकीत गरम पाणी पडतंय का ते बघा. बंद सिस्टीम असेल आणि दर थोड्या दिवसांनी प्रेशर भरावं लागत असेल, तर कुठेतरी गळती आहे, आणि प्रत्येक भरणीबरोबर नवा प्राणवायू आत जातोय. फिटरला हे आधी विचारा, फ्लशचं नंतर.

आता नव्या बॉयलरला एवढं सोवळं कशाला? जुन्या बिडाच्या बॉयलरमधले पाण्याचे मार्ग रुंद असायचे, त्यांनी वर्षानुवर्षं गाळ पचवला. नव्या कंडेन्सिंग (धुरातली उष्णताही वापरणाऱ्या) बॉयलरच्या हीट एक्स्चेंजरमध्ये, म्हणजे ज्योतीची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागात, स्टेनलेस स्टीलच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूच्या अरुंद वाटा असतात. तिथे गाळ बसला की उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, त्या जागी पाणी उकळतं आणि बॉयलर किटलीसारखा खदखदतो. शिवाय आताच्या बहुतेक पंपांच्या रोटरमध्येच कायम चुंबक असतो. मॅग्नेटाइट त्याला आपसूक चिकटतो. वॉरंटीच्या अटींत बहुतेक कंपन्या सफाई मागतात ती यासाठी. ब्रिटनचं बीएस 7593 हे मानकही सफाई, इनहिबिटर (गंज रोखणारं रसायन) आणि फिल्टर अशा तिन्ही गोष्टी सांगतं.

माझं मत विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचं काम जुना बॉयलर जागेवर असतानाच होतं, आणि नेमकं तेच टाळलं जातं. क्लीनर केमिकल आधी सिस्टीममध्ये घालून, बाटलीवर लिहिलंय तितके दिवस जुन्या बॉयलरवर हीटिंग चालवायची. गरम, फिरत्या पाण्यात ते गाळ सुटा करतं. मग बॉयलर बदलायच्या दिवशी पाणी काढून, एकेक रेडिएटर सुरू आणि बाकीचे बंद ठेवून, नळाच्या पाण्याने धुवायचं. एका वेळी एकच रेडिएटर चालू असला की सगळा जोर त्यातूनच जातो. रबरी हातोडीने तळाशी हलके ठोके दिले की अडून बसलेलं निघतं. पाणी स्वच्छ झालंसं वाटतं आणि ठोक्यांनंतर पुन्हा काळं येतं, तेव्हा थांबायची घाई नको. लॉकशील्ड व्हॉल्व्ह (रेडिएटरमधला प्रवाह ठरवून ठेवणारा, टोपीखालचा) किती फेरे उघडा होता ते आधी लिहून ठेवा, नाहीतर नंतर बॅलन्सिंग, म्हणजे सगळ्या रेडिएटरांत पाण्याची नीट वाटणी, नव्याने करावं लागेल.

गाळ मध्यम असेल तर एवढं पुरतं. बरेच रेडिएटर खाली गार असतील तर पॉवर फ्लश घ्या. त्यात भर दाबापेक्षा प्रवाहाच्या वेगावर असतो आणि दिशा उलटसुलट करता येते. ‘फ्लशने रेडिएटर फुटतात’ असं ऐकाल. खरं तर गंजाने आधीच पडलेली भोकं गाळाने बुजलेली असतात, ती उघडी पडतात. ती फिटर घरात असताना उघडी पडलेली बरी. मात्र पाइप 8 किंवा 10 मिलिमीटरचे मायक्रोबोअर, म्हणजे अगदी बारीक, असतील आणि एखादा पूर्ण तुंबला असेल, तर पाणी मोकळ्या वाटेने निघून जातं आणि तुंबलेला तसाच राहतो. तिथे तो पाइप बदलणं, किंवा रेडिएटर काढून अंगणात होजने धुणं, जास्त कामाचं.

कोणतीही पद्धत असो, फ्लशचं पाणी नव्या बॉयलरमधून जाऊ देऊ नका. क्लीनर पूर्ण निघालंय याची खात्री हवी. ते मागे राहिलं तर इनहिबिटर नीट काम करत नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या एक्स्चेंजरला ते खाऊ शकतं. त्यासाठी फिटरने टीडीएस मीटर (पाण्यात किती पदार्थ विरघळलेत ते दाखवणारा) नळाच्या पाण्यात आणि मग सिस्टीममधून निघणाऱ्या पाण्यात बुडवून दाखवावा. दोन आकडे जवळजवळ सारखे आले की झालं. नुसतं डोळ्यांनी ‘स्वच्छ दिसतंय’ यावर पैसे देऊ नका.

मग बॉयलरकडे परतणाऱ्या पाइपवर, बॉयलरच्या आधी, मॅग्नेटिक फिल्टर आणि पाण्यात इनहिबिटर. गॅसची जोडणी परवानाधारकच करेल, पण फिल्टर कसा उघडायचा ते त्याच्याकडून त्याच दिवशी शिकून घ्या. पहिल्या काही आठवड्यांतच तो साफ करावा लागेल, कारण उरलासुरला गाळ तेव्हाच सुटून येतो. आणि पुढे कधी रेडिएटर बदलायला पाणी काढलंत, तर जितकं पाणी गेलं तितकं इनहिबिटरही गेलं. ते पुन्हा घालायचं राहून जातं.