हाताला काम भरपूर, तरी पैसा का उरत नाही?

तुम्ही विचारलंय की सुतारकामात हात बसलेला आहे, कामं रांगेत आहेत, तरी महिनाअखेरीस हाती काही राहत नाही आणि दर वाढवायची भीती वाटते. माझ्या मते चूक तुमच्या कामात नाही, हिशेबात आहे, आणि ती दुरुस्त होते.

वर्षाचे ५२ आठवडे, आठवड्याचे ६ दिवस, म्हणजे ३१२ दिवस. सुट्ट्या, आजारपण, घरची अडलेली कामं यांचे ३२ वजा केले की २८० उरतात. रोज ८ तास धरून २२४० तास झाले. पण मापं घ्यायला जाणं, अंदाज काढून देणं, लाकूड निवडून आणणं, रंध्या-पटाशीला धार लावणं, माल पोहोचवणं, बाकीसाठी हेलपाटे, यात रोजचे ३ तास सहज जातात आणि त्यांचे पैसे कुणी देत नाही. पैसे मिळणारे तास उरले १४००. घरखर्च, भाडं, वीज, करवतीची पाती, यंत्रांची झीज मिळून वर्षाला जी रक्कम लागते तिला २२४० ने भागून तासाचा दर काढला, तर शंभरातले साडेसदतीस तिथेच बुडाले. भागायचं १४०० ने. तुमचा स्वतःचा आकडा वेगळा निघेल. दोन आठवडे पाव-पाव तासाची नोंद वहीत ठेवा.

दुसरी गळती लाकडात आहे, आणि उक्त्या कामात तीच जास्त मारते. १५०० × ७५० मिमीचा, २० मिमी जाडीचा टेबलाचा माथा घ्या. तयार मापाने लाकूड धरलं की फसलात. २० मिमी तयार जाडीसाठी फळी २५ मिमीची लागते. टोकं कापायला लांबीत ७० मिमी जास्त हवेत. ८ फळ्या जोडायच्या तर कडा सरळ करताना प्रत्येकीचे ६ मिमी जातात, म्हणजे रुंदी ८०० च्या घरात. एवढ्यानेच लाकूड तयार मापाच्या १.४ पट झालं. गाठी आणि चिरा टाकल्या की दीडपट. दर सांगताना हाच दीडपट आकडा धरा.

तोच माथा खालच्या चौकटीला स्क्रूने घट्ट आवळला तर हवामान बदलल्यावर चिरतो. लाकडातली आर्द्रता ४ टक्क्यांनी बदलली की जातीनुसार ७५० मिमी रुंदीत ६ ते ८ मिमी फरक पडू शकतो. चौकटीची भोकं रुंदीच्या दिशेने लांबट ठेवा, म्हणजे माथ्याला सरकायला जागा राहते. हे विसरलं तर दुरुस्ती फुकट करावी लागते आणि एका कामाची सगळी कमाई त्यात जाते.

कारखान्याच्या दराशी बरोबरी करू नका. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात दाखवून दिलं की ज्या कामात माणसाचा वेळ कमी करता येत नाही, ते यंत्राने स्वस्त होणाऱ्या मालाच्या तुलनेत महागच होत जातं. हाताने कुसू, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारं लाकडाचं टोक, बसवायला पूर्वीइतकाच वेळ लागतो. त्याचं मोल मागताना संकोच कशाला?

वेळ वाचवायचा तर तयारीतला वाचवा. यंत्र लावायला, साचा करायला ४० मिनिटं लागत असतील तर ती एका खुर्चीलाही लागतात आणि सहा खुर्च्यांनाही. सारखे भाग एकाच बैठकीत कापा.

दर वाढवायची भीती आकड्यात मोजून बघा. १० कामांचा दर शेकडा १० ने वाढवला आणि एक गिऱ्हाईक गेलं, तर जमा आधीच्या ९९ टक्के. वर एका कामाचं लाकूड आणि तास वाचले. सुरुवात नव्या गिऱ्हाइकांपासून करा. सांगितलेला दर जवळजवळ सगळेच मुकाट मान्य करत असतील तर तो कमी आहे.

बयाणा एवढा घ्या की सगळं लाकूड आणि सामान त्यातून यावं. बसवायला नेण्याआधी एकूण रकमेचे ९० टक्के जमा झालेले असू द्या. चित्र मंजूर झाल्यानंतरचा प्रत्येक बदल वेगळ्या दराने, आणि तो दर बदलाला हात लावण्याआधी लेखी.