लोको पायलटला डुलकी लागली तर वंदे भारत कोण थांबवतं?

तुमचा प्रश्न असा, की सोलापूर-मुंबई वंदे भारतने आई एकट्या येतात-जातात. चालकाला डुलकी लागली किंवा लाल सिग्नल नजरेतून सुटला तर? माझी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात, याच लाईनवर झाली, म्हणून सांगतो.

डुलकीचा बंदोबस्त केबिनमध्येच असतो. मिनिटभर पायलटने काहीच हालचाल केली नाही तर दिवा लुकलुकतो, मग बझर वाजतो, तरी बटण दाबलं नाही की ब्रेक आपोआप लागतात.

सिग्नल सुटणं जास्त अवघड. १३०च्या वेगात गाडी सेकंदाला ३६ मीटर जाते, लाल दिसल्यावर ब्रेक मारून भागत नाही. त्यासाठी ‘कवच’. रुळांमधल्या टॅगवरून गाडीला आपली जागा कळते, पुढच्या सिग्नलची खबर रेडिओवरून येते आणि पायलट चुकला तर यंत्रणाच ब्रेक लावते. ४ मार्च २०२२ला गुल्लागुडा-चिटगिड्डा दरम्यान (आपण हैदराबादला जातो तीच लाईन, विकाराबादच्या पुढे) एकाच रुळावर दोन इंजिनं समोरासमोर सोडली होती. रेल्वेमंत्री स्वतः एका इंजिनात होते. ते ३८० मीटर आधीच थांबलं.

असं काही नसलं तर काय होतं, ते २४ जुलै २०१३ला स्पेनमध्ये दिसलं. चालक फोनवर बोलत होता आणि ताशी ८०ची मर्यादा असलेल्या वळणावर गाडी १७९ने शिरली. वेगावर सतत नजर ठेवणारी यंत्रणा त्या वळणाच्या अलीकडेच संपत होती. ही बातमी वाचून मी त्या रात्री झोपलो नाही.

पण माझा खरा भरवसा रिलेवर, म्हणजे करंटवर चालणाऱ्या एका साध्या स्विचवर. रुळांतून बारीक करंट सोडलेला असतो, त्याच्यावर रिले उचललेला राहतो. गाडीचं चाक आलं की करंट चाकांतूनच परत फिरतो, रिले स्वतःच्या वजनाने ‘टक्’ करून पडतो आणि सिग्नल लाल. वायर तुटली तरी पडतो, रूळ आरपार तुटला तरी बहुधा पडतोच. एकदा मोहोळजवळ रात्रीच्या पावसात खडीत पाणी साचलं, रूळ मोकळा असूनही रिले पडत राहिला. रेनकोट घालून आम्ही बॅटरीच्या उजेडात एकेक जोड तपासत होतो आणि थांबलेल्या गाडीतून लोक ओरडत होते. त्यांचा राग समजत होता, तरी घाई केली नाही.

एक सांगून ठेवतो: रुळावर आलेली म्हैस कवचला दिसत नाही. तिथे कुंपण आणि पायलटचे डोळेच लागतात.